झोन जुळतो, तरी झाड हिवाळ्यातून वाचत नाही: कारण कसे शोधावे

न्यू इंग्लंड, मिशिगन, मिनेसोटा किंवा ओंटारिओ येथे घर घेऊन हौसेने बाग लावणाऱ्या मराठी कुटुंबांकडून दर वसंतात एकच तक्रार ऐकू येते. नर्सरीच्या लेबलवर झोन ५ लिहिलेले होते (झोन म्हणजे हिवाळी थंडीनुसार पाडलेला पट्टा; आकडा जितका लहान तितकी थंडी जास्त), आपले घर झोन ६ मध्ये येते, म्हणजे झाडाला एका झोनची सवलतही मिळाली होती. तरीही ते फुटले नाही, किंवा पाने आली पण फुले आली नाहीत, किंवा चांगली पालवी फुटून जूनच्या पहिल्या कडक उन्हात सगळ्या झाडाने माना टाकल्या. मग त्याच जागी तेच झाड पुन्हा आणले जाते आणि दोन-तीन हिवाळ्यांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. या तिन्ही तक्रारींना सरसकट ‘थंडीने मेले’ असे म्हटले जाते, पण प्रत्येकीत झाडाचा वेगळा भाग, वेगळ्या वेळी आणि वेगळ्या कारणाने दगावलेला असतो. तो भाग कोणता, हे आधी ठरवल्याशिवाय नवे झाड विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

झोनचा आकडा नेमके काय सांगतो

अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६० साली पहिला झोन-नकाशा प्रसिद्ध केला आणि सध्याचा नकाशा नोव्हेंबर २०२३ चा आहे. त्यात १९९१ ते २०२० या तीस वर्षांतील प्रत्येक हिवाळ्यातले सर्वांत कमी तापमान घेऊन त्यांची सरासरी काढलेली आहे. दर दहा अंश फॅरनहाइटला एक झोन आणि दर पाच अंशांना ‘ए’ किंवा ‘बी’ असा अर्धा झोन, एवढाच त्याचा हिशेब आहे. झोन ६ म्हणजे उणे १० ते शून्य अंश फॅरनहाइट, अर्थात साधारण उणे २३ ते उणे १८ अंश सेल्सियस. येथे ‘सरासरी’ या शब्दाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. सरासरी हा तळ नव्हे. कित्येक हिवाळे त्या आकड्याच्या खाली जाणारच, आणि वीस-तीस वर्षे टिकावे म्हणून लावलेल्या वृक्षाला अशा अनेक हिवाळ्यांतून जावे लागते.

शिवाय ही थंडी कोणत्या महिन्यात आली, तिच्या आधी हवा उबदार होती का, जमिनीवर बर्फाचे आच्छादन होते का, माती ओली होती की कोरडी, उन्हाळ्यात पाऊस पुरेसा झाला होता का, यांतले काहीही हा आकडा सांगत नाही. कॅनडाचा नकाशा या बाबतीत अधिक विचारपूर्वक केलेला आहे. १९६७ साली तयार झालेल्या त्या नकाशात किमान तापमानाबरोबर बर्फाची खोली, दहिवराविना (दव गोठवणाऱ्या थंडीविना) जाणारे दिवस, पाऊस, उन्हाळ्यातील कमाल तापमान आणि वाऱ्याचा जोर हेही धरलेले आहेत. म्हणूनच कॅनडातील झोन ५ आणि अमेरिकेतील झोन ५ एकच समजू नयेत. टोरांटोच्या नातेवाइकांनी सुचवलेले झाड सीमेपलीकडे, अमेरिकेतील बफेलोत लावताना लेबलवरचा आकडा कोणत्या देशाच्या पद्धतीचा आहे, हे आधी विचारून घ्यावे.

नवा नकाशा प्रसिद्ध झाला तेव्हा अमेरिकेचा जवळजवळ अर्धा भाग अर्ध्या झोनने उबदार बाजूला सरकलेला दिसला. सरासरी वाढली हे खरे, पण आर्क्टिककडून अधूनमधून खाली येणारी एखादी जीवघेणी रात्र त्यामुळे थांबलेली नाही. जानेवारी २०१९ च्या अखेरीस इलिनॉयमधील माउंट कॅरल येथे उणे ३८ अंश फॅरनहाइट नोंदले गेले आणि तो त्या राज्याचा नीचांक ठरला. नकाशा सरकला म्हणून बागेतील मुख्य वृक्ष अर्धा झोन पुढचा निवडू नये. एखादे झुडूप हौसेने लावून पाहायला हरकत नाही.

फेब्रुवारी २०२३: एकाच रात्रीत पीचचे पीक कसे गेले

काटकपणा म्हणजे काय, हे समजून घ्यायला बॉस्टन परिसरातील या रात्रीइतके स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. जानेवारी २०२३ हा मॅसॅच्युसेट्सच्या नोंदींमधला सर्वांत उबदार जानेवारी होता, आणि जमिनीवर बर्फ जवळजवळ नव्हताच. त्यानंतर ४ फेब्रुवारीच्या सकाळी बॉस्टनमध्ये उणे १० अंश फॅरनहाइट नोंदले गेले. १९५७ नंतर शहरात इतके कमी तापमान झाले नव्हते. दुसऱ्याच दिवशी हवा पुन्हा उबदार झाली. त्या वर्षी दक्षिण न्यू इंग्लंडमधील पीचचे पीक जवळजवळ सगळे गेले आणि घरोघरच्या निळ्या-गुलाबी हायड्रेंजियांना उन्हाळ्यात नुसती पाने आली.

झाड थंडीची तयारी एका रात्रीत करत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिवस लहान होऊ लागले की त्याची वाढ थांबते, शेंड्यावरचे डोळे बंद होतात आणि तयारीचा पहिला टप्पा सुरू होतो. मग गोठणबिंदूच्या आसपासच्या रात्री आल्या की दुसरा टप्पा येतो. या काळात पेशींमधले पाणी हळूहळू बाहेर पडते आणि पेशींच्या मधल्या जागेत गोठते, पेशी स्वतः गोठत नाही. त्या कोरडेपणाला तोंड देण्यासाठी पेशीत साखर वाढते आणि तिची आवरणे बदलतात. पूर्ण तयारीत असलेली लाल डॉगवुडची काडी प्रयोगशाळेत द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सियसला, बुडवून बाहेर काढली तरी जगू शकते. तेच झुडूप जूनमध्ये साध्या दहिवराने होरपळते. म्हणजे ‘हे झाड किती थंडी सोसते’ या प्रश्नाला एक उत्तर नसते. ते महिन्यागणिक बदलते.

पीचचे फुलडोळे (ज्यांतून फुले उमलतात ते डोळे), तसेच सफरचंद आणि ओक यांचे लाकूड दुसरी युक्ती वापरतात. त्यांच्या पेशींतले पाणी बाहेर न पडता गोठणबिंदूच्या पुष्कळ खालीही द्रवच राहते. मात्र या युक्तीला मर्यादा आहे. ती ओलांडली की पाणी क्षणात पेशीच्या आत गोठते आणि पेशी मरते. लाकडाच्या बाबतीत ही शेवटची मर्यादा उणे ४० च्या सुमारास येते, जेथे फॅरनहाइट आणि सेल्सियस यांचे आकडे एकच होतात. पीचच्या फुलडोळ्यांची मर्यादा त्याहून बरीच अलीकडे असते. उणे १० फॅरनहाइटच्या आसपास ते मोठ्या संख्येने मरू लागतात, आणि आधी उबदार हवा मिळाली असेल तर त्याच्याही आधी.

त्या वर्षी नेमके हेच झाले. हिवाळ्याची ठरावीक थंडी मिळून गेली की झाडाची खरी झोप संपते आणि त्यानंतर ते केवळ उबेची वाट पाहत असते. जानेवारीतील उबदार आठवड्यांनी झाडांची तयारी सैल केली. ही तयारी थोड्या दिवसांच्या उबेने उतरते, मात्र पुन्हा चढायला जास्त वेळ लागतो आणि ती पूर्वीइतकी चढत नाही. त्यात आधीच्या उन्हाळ्यात, २०२२ साली, मॅसॅच्युसेट्समध्ये तीव्र दुष्काळ पडलेला होता, त्यामुळे अनेक झाडे हिवाळ्यात शिरतानाच अशक्त होती. लेबलवरचा झोन खोटा नव्हता. त्या आकड्यात यांतले काहीच धरलेले नव्हते, एवढेच.

त्याच रात्री न्यू हॅम्पशायरमधील माउंट वॉशिंग्टन या शिखरावर वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे १०८ अंश फॅरनहाइट सांगितली गेली. अशा आकड्यांनी बागवाल्याने घाबरून जाऊ नये. वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी ही उष्ण रक्ताच्या प्राण्यांसाठी काढलेली गोष्ट आहे. पानगळ झालेल्या फांदीचे तापमान हवेच्या तापमानाहून वाऱ्यामुळे खाली जात नाही. वारा तिला कोरडे मात्र करतो.

वसंतात झाडापुढे उभे राहून काय पाहावे

पहिली तपासणी नखाने किंवा लहान चाकूने करावी. शेंड्याजवळ साल किंचित खरवडली असता खालचा थर ओलसर हिरवा दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडा दिसला तर दोन पेरे खाली जाऊन पुन्हा खरवडावे. असे करत करत हिरवे कोठे सुरू होते ते शोधावे आणि तेथे दोरा बांधून ठेवावा. मेलेल्या व जिवंत भागांतली ही सीमारेषा बहुतेक वेळा कारण सांगून जाते.

सीमारेषा सर्व फांद्यांवर जमिनीपासून एकाच उंचीवर असेल तर ती बर्फाची रेघ समजावी. फोर्सिथियावर हे फार स्पष्ट दिसते: कडक हिवाळ्यानंतर खालचा एक-दोन फुटांचा भाग पिवळ्या फुलांनी भरतो आणि वरच्या फांद्यांवर नुसती पाने येतात. बर्फाखाली राहिलेल्या फुलडोळ्यांना हवेतली खरी थंडी लागलीच नाही, वरच्या डोळ्यांना लागली. फांद्या मात्र वरही जिवंत असतात, कारण फुलडोळा हा फांदीपेक्षा नाजूक असतो. अशा वेळी झाड बदलायचे असेल तर फुलडोळे काटक असलेला वाण घ्यावा. फोर्सिथियात ‘मेडोलार्क’ हा त्यासाठीच निवडलेला वाण आहे, आणि अझेलियात मिनेसोटा विद्यापीठाने तयार केलेली ‘नॉर्दर्न लाइट्स’ ही मालिका.

पाने आली पण फुले नाहीत, ही हायड्रेंजियाची नेहमीची तक्रार याच प्रकारची आहे. मोठ्या गोल झुबक्यांच्या निळ्या-गुलाबी हायड्रेंजियाची पुढच्या वर्षीची फुले आदल्या उन्हाळ्याअखेर जुन्या काड्यांच्या शेंड्यांवर तयार होऊन बसलेली असतात. काडी शेंड्याकडून मेली की फुले गेली. मुळापासून नवी फूट जोमाने येते, पण तिच्यावर फुले येत नाहीत किंवा फार थोडी येतात. लेबलवरचा झोन येथे ‘झुडूप जगेल’ एवढेच आश्वासन देतो, ‘फुलेल’ असे म्हणत नाही. उत्तरेकडे खात्रीने फुले हवी असतील तर त्याच वर्षीच्या नव्या काडीवर फुलणारे पॅनिक्युलाटा किंवा ‘अ‍ॅनाबेल’ लावावे. निळे हायड्रेंजियाच हवे असेल तर शरद ऋतूत जाळीचे कुंपण करून आत वाळकी पाने भरावीत आणि वसंतात छाटणीची घाई करू नये.

अंजिराचेही तसेच आहे, आणि पुरंदरचे अंजीर खाऊन वाढलेल्या माणसाला त्याचा मोह आवरत नाही. ‘शिकागो हार्डी’ नावाच्या अंजिराचा वरचा भाग बॉस्टनच्या हिवाळ्यात पुष्कळदा जमिनीपर्यंत मरतो, मुळे जगतात, आणि नव्या फुटीवर फळे धरतात. पण ती पिकायला सप्टेंबर उलटतो आणि दहिवर आधी पडले तर हिरवीच राहतात. झाड जगले म्हणजे फळ मिळाले, असे येथे समजू नये. कढीपत्ता आणि मोगरा यांच्या बाबतीत तर झोनची चर्चाच नको. ती कुंडीतून घरात नेण्याचीच झाडे आहेत.

फुलडोळे वाचले की नाही, हे वसंताची वाट न पाहताही कळते. कडक थंडी होऊन गेल्यावर पीचच्या काही काड्या कापून आणाव्यात, एक-दोन दिवस घरातल्या उबेत पाण्यात उभ्या ठेवाव्यात, म्हणजे मेलेला भाग काळवंडायला वेळ मिळतो. मग दाढीच्या पात्याने डोळा आडवा कापावा. आत मध्यभागी मोहरीच्या दाण्याहून लहान ठिपका दिसतो. तो हिरवट असेल तर फूल जिवंत आहे, काळा-तपकिरी असेल तर मेले. सभोवतालचे खवले हिरवे दिसतात, त्यांनी फसू नये. पीचच्या झाडावर डोळे इतके असतात की दहातला एक वाचला तरी पीक भरपूर येते, म्हणून काड्या झाडाच्या वरून, खालून आणि सर्व बाजूंनी घ्याव्यात.

पालवी आली आणि जूनमध्ये झाड कोसळले

ही तक्रार सर्वांत क्लेशदायक असते, कारण झाड वाचले असे महिनाभर वाटलेले असते. खोडात आणि फांद्यांत साठवलेल्या अन्नावर डोळे फुटतात, पाने उघडतात. पण खाली मुळे मेलेली असतात आणि ऊन तापले की पानांना पाणी पुरत नाही. मुळे ही वरच्या भागाहून कितीतरी कमी काटक असतात. फांद्या उणे २५ सेल्सियस सोसणाऱ्या अनेक झुडपांची कोवळी मुळे उणे ५ ते उणे १० सेल्सियसलाच मरतात. जमिनीत हे सहसा घडत नाही, कारण माती, तिच्यावरचा पालापाचोळा आणि बर्फ यांच्याखाली तापमान गोठणबिंदूच्या फार खाली जात नाही. कुंडीतली माती मात्र चारही बाजूंनी हवेइतकीच थंड होते. म्हणून बाहेर राहणाऱ्या कुंडीतल्या झाडासाठी लेबलपेक्षा दोन झोन अधिक काटक जात निवडावी, अन्यथा कुंडी नोव्हेंबरमध्ये वाफ्यात काठापर्यंत पुरावी किंवा गरम न केलेल्या गॅरेजमध्ये ठेवून माती पूर्ण कोरडी पडू देऊ नये.

बर्फाविना गेलेल्या हिवाळ्यात जमिनीतल्या झाडांनाही हा धोका असतो. व्हरमाँटच्या डोंगरात हिवाळाभर बर्फाखाली सुखाने राहणारे एखादे बहुवर्षायू रोप त्याहून उबदार अशा बॉस्टनच्या अंगणात मरते, याचे नवल वाटू नये. त्याच वाफ्यात दुसरा त्रासही होतो: दिवसा वितळणारी आणि रात्री गोठणारी माती हुकेरासारखी उथळ मुळांची रोपे हळूहळू वर उचलून टाकते. मार्चमध्ये रोपाचा गड्डा मातीच्या वर आलेला दिसला तर तो हाताने पुन्हा खाली दाबून बसवावा. यावर उपाय म्हणून आच्छादन घालायचे असते ते जमीन गोठल्यानंतर. रोपाला ऊब देणे हा त्याचा हेतू नसून जमीन गोठलेलीच ठेवणे हा आहे.

लॅव्हेंडरचा दोष बहुतेक वेळा थंडीला चुकीने दिला जातो. इंग्लिश लॅव्हेंडर झोन ५ सोसते, परंतु चिकणमातीत मुळाशी हिवाळी पाणी साचले तर झोन ७ मध्येही कुजते. बुंध्याशी साल काळी आणि मऊ झाली असेल तर कारण निचऱ्याचे आहे. उंच वाफा करून खडी मिसळावी. शेणखताचे जाड आच्छादन लॅव्हेंडरला घातकच ठरते.

एकाच बाजूचे नुकसान

फक्त दक्षिण किंवा नैर्ऋत्य बाजू होरपळली असेल तर सूर्याकडे पाहावे. आर्बोर्व्हिटी, यू आणि रोडोडेंड्रॉन या सदाहरित झाडांची पाने फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात पाणी सोडतात, पण गोठलेल्या जमिनीतून मुळांना पाणी मिळत नाही. जमीन गोठेपर्यंत, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या सुमारापर्यंत, कोरडा शरद असेल तर खोल पाणी देत राहावे आणि वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचा आडोसा करावा. पाने करपली म्हणून फांद्या लगेच कापू नयेत. डोळे पुष्कळदा जिवंत असतात. कडाक्यात रोडोडेंड्रॉनची पाने गुंडाळून लोंबतात, ती मात्र त्याची नेहमीची रीत आहे, रोग नव्हे. पातळ सालीच्या कोवळ्या मेपलच्या खोडावर याच बाजूला उभी भेग पडते; पहिले काही हिवाळे खोडाला पांढरे वेष्टन गुंडाळावे आणि वसंतात ते काढावे.

कलमी गुलाबात जोडाच्या वरचा भाग मरून खालून गडद लाल, लहान फुले येऊ लागली तर तो खुंट, म्हणजे ज्या मुळांवर कलम बांधले ते खालचे झाड, फुटलेला असतो. आपण आणलेला गुलाब गेलेला असतो. पुढच्या खेपेस स्वतःच्या मुळांवर वाढवलेले रोप घ्यावे.

नवे झाड घेताना

जातीचे नाव पुरेसे नसते, बीज कोठले हेही विचारावे. लाल मेपल न्यूफाउंडलंडपासून फ्लोरिडापर्यंत रानात वाढतो. दक्षिणेकडच्या बियांपासून केलेले रोप उत्तरेत शरद ऋतूत वेळेवर वाढ थांबवत नाही आणि पहिल्याच कडक थंडीत शेंड्याकडून मरते. रेडबडच्या बाबतीत हे वारंवार घडते, म्हणून उत्तरेकडे मिनेसोटात टिकलेल्या झाडांपासून केलेली रोपे मागून घ्यावीत. ऑगस्टनंतर नत्रखत घालू नये, कारण उशिरा आलेली कोवळी फूट तयारीविना हिवाळ्यात सापडते. आपल्या झोनमध्ये जेमतेम टिकणाऱ्या जातीचे झाड शरदात न लावता वसंतात लावावे, म्हणजे मुळांना एक पूर्ण हंगाम मिळतो.

अंगणातल्या दोन-तीन जागी किमान तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर लावला तर नकाशापेक्षा अधिक कळते. शांत, निरभ्र रात्री थंड हवा उताराच्या तळाशी साचते आणि तेथे तापमान वरच्या अंगणाहून काही अंश खाली जाते. बॉस्टनजवळ राहणाऱ्यांनी एखाद्या कडक हिवाळ्यानंतरच्या एप्रिलमध्ये १८७२ साली स्थापन झालेल्या आर्नल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानात अवश्य फेरी मारावी. तेथील झाडांवर नावाच्या पाट्या असतात आणि एकाच हिवाळ्यातून गेलेल्या शेकडो जाती एकाच दिवशी पाहता येतात. इतर शहरांतही अशी उद्याने आहेत, आणि जुन्या वस्तीतली वीस-तीस वर्षांची झाडे तर सगळीकडेच आहेत.

झाड उपटण्याची घाई करू नये. हार्डी हिबिस्कस मेअखेरपर्यंत, कधी जूनमध्येही, जमिनीतून वर येतो. बडलिया आणि रोज ऑफ शॅरनही उशिराच फुटतात. जूनच्या मध्यापर्यंत बुंध्याशी खरवडल्यावर हिरवे दिसत असेल तर झाड ठेवावे. हिरवे कोठेच नसेल तर ते खणून काढताना मुळांचा पुंजका फोडून पाहावा: बाहेरची मुळे काळी आणि लिबलिबीत, साल हाताने सुटून येणारी, आणि आतली मुळे पांढरी असतील, तर थंडी बाहेरच्या बाजूने आत आली; पण सगळी मुळे कुजलेली आणि माती आंबूस वासाची असेल, तर त्या जागी दुसरे कोणतेही झाड लावण्याआधी निचरा सुधारावा लागेल.